धूळ कशी पुसावी?

विद्यार्थिमित्रांनो, या लेखाचें नांव वाचून तुमच्यापैकीं पुष्कळांस हंसूं येईल. धूळ पुसणें ही का कोणीं शिकविण्याची गोष्ट आहे? फडकें घ्यावें, चार हात फिरवावे, झालें काम! आम्हीही वयाची चाळिशी उलटेपर्यंत असेंच समजत होतों. मिशनच्या कॉलेजांत राहून विज्ञानाची पदवी घेतली, वीस वर्षें मुलांकडून खनिजांच्या कठिणपणाचे आंकडे पाठ करून घेतले. परंतु आपल्या दारांतील मोटारीवरची धूळ कशी काढावी हें आम्हांस ठाऊक नव्हतें. त्या अज्ञानामुळें मोटारीचें जें नुकसान झालें तें थोडें. त्यापायीं एका निरपराध मुलावर आमच्याकडून जो अन्याय झाला तो मोठा. दोन्ही हकीकती एकमेकींत अशा गुंतलेल्या आहेत कीं, एक सांगितल्यावांचून दुसरी सांगतां येत नाहीं. म्हणून दोन्ही सांगतों.

आमचें गांव दख्खनच्या पठारावर, पर्जन्यछायेच्या पट्ट्यांत आहे. दिवाळी संपली कीं येथें धुळीचें राज्य सुरू होतें. उसाच्या गाड्या कच्च्या रस्त्यानें साखर कारखान्याकडे जाऊं लागतात, पुढें ज्वारीची मळणी चालते, कोठें रस्त्याचें काम तर कोठें घराचें. आणि फाल्गुन-चैत्राचा वारा सुटला म्हणजे सकाळीं पुसलेल्या बांकावर दुपारीं बोटानें नांव लिहितां येतें. उन्हाळ्यांत नळाला पाणी तीन-चार दिवसांआड येतें. शेजारच्या वाड्यावस्त्यांवर टँकरची वाट पाहत घागरी रांगेंत उभ्या असतां आपण दारांत नळी लावून मोटारीला स्नान घालावें, हें आमच्या मनास कधीं रुचलें नाहीं. २०२१ सालीं आम्हीं एक जुनी, गडद निळ्या रंगाची लहान मोटार घेतली, तेव्हांच घरांत ठरून गेलें कीं, पंधरा दिवसांतून एकदां दोन बादल्यांत गाडी धुवावयाची. मधल्या दिवसांत नुसती पुसावयाची.

ही मधली पुसणीच आमच्या चुकीचें मूळ. रोज सकाळीं शाळेंत निघण्यापूर्वीं वायपरखालीं खोंचून ठेवलेलें फडकें काढावें, आणि टपापासून बॉनेटपर्यंत गोल गोल हात फिरवून गाडी लखलखीत करावी, असा आमचा क्रम तीन-साडेतीन वर्षें अखंड चालला. फडकें म्हणजे आमच्याच एका जुन्या सदऱ्याची पाठ. हात मात्र फळा पुसण्याचा! वीस वर्षें फळा पुसून मनगटाला जें वळण लागलें तेंच गाडीवर चाललें: जोर लावून, झपाट्यानें, आणि एकाच फडक्यानें. आमच्या पत्नीनें एकदां खिडकींतून म्हटलेंही, "अहो, गाडी पुसतां कीं तवा घासतां?" आम्हीं तें हंसण्यावारी नेलें.

फेब्रुवारी २०२५ मधील एका रविवारीं सकाळीं आठवीचा एक विद्यार्थी धांपा टाकीत आमच्या दारीं आला. त्या दिवशीं शिष्यवृत्तीची परीक्षा होती, केंद्र तालुक्याच्या गांवीं होतें, आणि त्याची एस्. टी. चुकली होती. त्याचें नांव येथें देत नाहीं. वर्गांत सर्वांत ठेंगणा, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. आम्हीं त्यास गाडींत घेतलें आणि वेळेवर केंद्रावर पोंचविलें. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत, कोणीं न सांगतां, त्यानें वायपरखालचें तेंच फडकें घेऊन आमची गाडी पुसून ठेवली. उपकाराची फेड करण्याचा त्याला सुचलेला तो मार्ग.

शाळा सुटल्यावर आम्ही बाहेर आलों. ऊन तिरपें झालें होतें. आणि बॉनेटवर, जेथें सूर्याचें प्रतिबिंब पडलें होतें त्याच्याभोंवतीं, कोळ्याच्या जाळ्यासारखे शेंकडों बारीक ओरखडे चमकत होते. यापूर्वीं ते आम्हीं कधीं पाहिले नव्हते. आमची गाडी एरवीं कडुलिंबाच्या दाट सावलींत उभी असे; त्या दिवशीं ती जागा दुसऱ्या वाहनानें घेतल्यामुळें ती उन्हांत होती, हें तेव्हां ध्यानांतच आलें नाहीं. एवढेंच ध्यानांत आलें कीं, आज मुलानें गाडी पुसली आणि आज ओरखडे दिसले. एका गोष्टीमागून दुसरी दिसली म्हणजे पहिली हीच दुसरीचें कारण, असें मानूं नये, हें आम्ही प्रयोगाच्या तासाला शिकवितों. स्वतः मात्र त्याच चुकींत सांपडलों.

मंगळवारीं वर्गांत त्या मुलास उभें करून आम्ही बोललों. काय बोललों तें सर्व लिहिण्यास लेखणी धजत नाहीं. "न विचारतां दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याची ही कसली रीत?" हें त्यांतलें सर्वांत सौम्य वाक्य. त्यानें मान खालीं घातली, "चुकलं, सर," एवढेंच म्हणाला आणि बसला. दुसऱ्या दिवसापासून तो पहिल्या बांकावरून उठून शेवटच्या बांकावर बसूं लागला. इतक्या ठेंगण्या मुलास तेथून फळा नीट दिसत नाहीं, हें आम्हांस कळत होतें. पण आमचा राग उतरला नव्हता.

त्या शनिवारीं आम्हीं गाडी गांवांतील एका रंगकाम करणाऱ्या कारागिराकडे नेली. गांवांत लहानथोर सर्व त्यांना चाचा म्हणतात. तीस-पस्तीस वर्षें त्यांचे हात मोटारींच्या रंगांतच आहेत. आम्हीं सारी हकीकत सांगितली. चाचांनीं कांहीं न बोलतां विजेरी घेतली आणि तिचा झोत बॉनेटवर धरला; मग दारांवर, मग मागच्या झांकणावर, आणि शेवटीं स्टुलावर चढून टपाच्या मध्यभागीं. जेथें जेथें झोत पडे तेथें तेथें तेंच जाळें उमटे.

"सर," त्यांनीं वरूनच विचारलें, "तो पोरगा केवढा आहे?"

आम्हीं हातानें त्याची उंची दाखविली.

"मग त्याचा हात टपाच्या मधोमध पोचला कसा? हे ओरखडे एका दिवसाचे नाहीत, दोन-तीन वर्षांचे आहेत. रोज गाडी कोण पुसतं?"

आम्ही गप्प राहिलों. चाचा खालीं उतरले, वायपरखालचें फडकें काढून त्यांनीं आपल्या तळहातावर झटकलें. तळहातावर वाळूचे कण पडले. "पोराचे दोन-चार असतील यांत," ते म्हणाले, "पण फडकं तर तुमचंच ना?"

दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दिसतें आणि आपल्या डोळ्यांतील मुसळ दिसत नाहीं, ही म्हण आम्हीं मुलांकडून अनेकदां वाक्यांत उपयोग करून घेतली आहे. तिचा अर्थ त्या दिवशीं एका कारागिरानें आम्हांस विजेरी लावून दाखविला.

घरीं येऊन आम्हीं आमचेंच विज्ञानाचें पुस्तक उघडलें. फ्रीडरिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं खनिजांच्या कठिणपणाची एक मोजपट्टी तयार केली. जें खनिज दुसऱ्यावर ओरखडा काढतें तें अधिक कठीण, एवढाच तिचा नियम. सर्वांत मऊ शंखजिरें तें १. सर्वांत कठीण हिरा तो १०. या पट्टीवर आपल्या बोटाचें नख सुमारें अडीचला बसतें, खिडकीची कांच सुमारें साडेपांचला, आणि गारगोटी सातला. आमच्या पठाराचा जो काळा दगड, ज्याला बेसाल्ट म्हणतात, त्यांतील मुख्य खनिजें पांच ते साडेसहाच्या दरम्यान येतात. रस्त्यावर खडीचा जो भुगा होतो तो याच दगडाचा. बांधकामाच्या वाळूंत गारगोटीचेही कण असतात. म्हणजे जिला आपण 'धूळ' म्हणून क्षुद्र लेखतों ती पुष्कळ अंशीं दगडांची पूड आहे.

खडूची पूड निराळी. फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा असतो, आणि जिप्सम मोसच्या पट्टीवर दोनला बसतें. तें नखाहूनही मऊ. म्हणून फळा कसाही पुसला तरी खडूच्या पुडीनें त्याला ओरखडे पडत नाहींत. तोच हात रस्त्याच्या धुळीवर फिरविला कीं फडक्याचा कांचकागद होतो. आमचा हात फळ्यापुरता खरा होता. गाडीवर तो खोटा ठरला.

आतां मोटारीचा रंग म्हणजे काय तें पाहूं. पत्र्याला गंज चढूं नये म्हणून प्रथम एक लेप, त्यावर अस्तर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर, ज्याला चाचा नुसतें 'क्लिअर' म्हणतात. असे आजच्या मोटारींवर साधारणतः चार थर असतात. चारही मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. यांपैकीं वरचा पारदर्शक थर सुमारें ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या साधारण केंसाहूनही पातळ. तो कांचेसारखा दिसतो खरा, पण कांच नव्हे. प्लास्टिकच्या जातीचा तो एक घट्ट झालेला लेप आहे, आणि कांचेहून पुष्कळच मऊ आहे. मोटारीची सारी झळाळी या केंसभर थरावर अवलंबून असते. तो सपाट आहे तोंवर प्रकाश त्यावरून नीट परततो. ओरखडे पडले कीं त्यांच्या कडांवरून तो इतस्ततः फेंकला जातो आणि रंग पांढुरका, मरगळलेला दिसूं लागतो.

ओरखडे गोल कां दिसतात, असा प्रश्न आमच्या वर्गांतील एका मुलीनें पुढें विचारला, तो चांगला होता. ओरखडे वास्तविक सर्व दिशांना पडलेले असतात. परंतु दिव्याच्या किंवा सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं जे आडवे पडलेले असतात तेवढेच प्रकाश आपल्या डोळ्यांकडे पाठवितात, बाकीचे दिसत नाहींत; म्हणून वर्तुळांचा भास होतो. दिवा हलविला कीं वर्तुळेंही त्याच्याबरोबर हलतात. सावलींत निर्दोष दिसणारी गाडी उन्हांत दोषी कां ठरते, तें यावरून कळेल. गडद रंगावर हे दोष अधिक उठून दिसतात.

घासून हें जाळें काढतां येणार नाहीं का, असें आम्हीं चाचांना विचारलें. येईल, म्हणाले; परंतु ओरखडा भरून येत नसतो, त्याच्या तळापर्यंत भोंवतालचा थर झिजवावा लागतो. केंसाहून पातळ थर असा किती वेळां झिजवणार? त्यांनीं बॉनेट तेवढें एकदां हलक्या हातानें उजळून दिलें, बाकीची गाडी आहे तशीच ठेवली, आणि धूळ काढण्याचा धडा शिकविला. त्यांत आमच्या वाचनाची व अनुभवाची थोडी भर घालून तो येथें देतों. ज्यांच्या घरीं मोटार नाहीं त्यांच्या घरीं मोटारसायकल असेल. तिच्या टांकीलाही हेच नियम लागू आहेत.

पहिला नियम असा कीं, हात लावण्यापूर्वीं धूळ पाहावी. पातळ, भुरभुरीत थर असेल तर तो पुढें सांगितलेल्या रीतीनें काढतां येतो. जाड थर, वाळू किंवा वाळलेला चिखल असेल तर फडकें मुळींच लावूं नये. धुण्याच्या दिवसाची वाट पाहावी किंवा आधीं पाण्यानें तो सोडवावा. धूळ किती आहे हें बोट ओढून पाहणें हीसुद्धां चूकच. मुलांनो, दुसऱ्याच्या गाडीवरील धुळींत बोटानें नांव लिहिण्याची तुम्हांस हौस असते. तें नांव धूळ गेल्यावरही उन्हांत वाचतां येतें, हें ध्यानांत ठेवा.

दुसरा नियम, न शिवतां जेवढी धूळ जाईल तेवढी आधीं घालवावी. हवा फुंकण्याचें यंत्र असल्यास उत्तम. आमच्याकडे तें नाहीं. आम्हीं बागेंत फवारण्याचा पांच लिटरचा हातपंप घेतला आहे. पिकावर औषध मारलेला जुना पंप यासाठीं वापरूं नये. नवा, स्वच्छ असावा. त्याच्या बारीक तुषारांनीं वरून खालीं गाडी भिजविली कीं मोठे कण स्वतःच ओघळून जातात, आणि आमच्या लहान गाडीस तेवढ्या एका पंपाचें पाणी पुरतें.

तिसरा नियम, कोरडें पुसूं नये. पृष्ठभाग निसरडा करून पुसावें. ज्यांना चष्मा आहे त्यांना हें सहज पटेल. चष्म्याची कांच सदऱ्याच्या टोंकानें कोरडी पुसणाऱ्याची कांच लवकर धूसर होते. शहाणा मनुष्य ती आधीं पाण्याखालीं धरतो. गाडीसाठीं पाण्याविना धुण्याचें म्हणून एक द्रावण बाजारांत मिळतें. त्यांतील द्रव्यें धुळीच्या कणाभोंवतीं वेढा घालतात आणि कण व रंग यांच्यामध्यें निसरडा पडदा धरतात, म्हणजे फडक्याबरोबर कण घासत न जातां तरंगत उचलला जातो. बाटलीवर पाण्याचें जें प्रमाण दिलें असेल तेंच पाळावें. भांडीं घासण्याचा साबण मात्र वापरूं नये. रंगावरचें मेण तो धुऊन नेतो.

चौथा नियम फडक्याचा. जुना सदरा, टॉवेल, वर्तमानपत्र हीं सर्व बाद. मायक्रोफायबर नांवाचें जें मऊ, लवदार कापड मिळतें तें घ्यावें. त्याचे तंतू केंसाहून कित्येक पटींनीं बारीक असतात; अशा अतिसूक्ष्म तंतूंचें कापड १९७० सालीं जपानांत मियोशी ओकामोतो यांनीं तोरे कंपनींत तयार केलें. आज मिळणारीं फडकीं बहुधा पॉलिस्टर व पॉलिअमाइड यांच्या मिश्रणाचीं असतात. या लवेंत धुळीचे कण शिरून बसतात, रंगावर लोळत नाहींत. फडक्याची दोनदां घडी घालावी, म्हणजे दोन्ही बाजू मिळून आठ स्वच्छ पृष्ठें मिळतात. गाडीचा एक भाग पुसून झाला कीं घडी उलटावी; मळलेलें पृष्ठ पुन्हां रंगाला लावूं नये. फडकें हातून जमिनीवर पडलें तर झटकून तेंच वापरण्याचा मोह टाळावा. तें धुतल्यावांचून गाडीला लागतां कामा नये. हीं फडकीं इतर कपड्यांत न मिसळतां निराळीं धुवावीं, आणि कपडे मऊ करण्याचें औषध त्यांना लावूं नये. त्यानें तंतू बुजतात व कापड निकामी होतें. चाकांसाठीं निराळ्या रंगाचें फडकें ठेवावें, म्हणजे गफलत होत नाहीं.

पांचवा नियम हाताचा. आम्हांस सर्वांत कठीण गेला तो हाच. गाडी सावलींत असावी व पत्रा थंड असावा, नाहींतर द्रावण पुसण्यापूर्वींच वाळून डाग पडतात. टपापासून आरंभ करून खालीं यावें. चाकांच्या मागचा भाग सर्वांत मळका, तो सर्वांत शेवटीं घ्यावा. हात सरळ रेषेंत, एकाच दिशेनें न्यावा, गोल फिरवूं नये. आणि जोर मुळींच लावूं नये. फडक्याचें स्वतःचें जें वजन तेवढाच भार पुरे. एकदां पुसून जें निघालें नाहीं तें अधिक दाबून काढावयाचें नसतें. तेथें पुन्हां फवारावें, थोडें थांबावें आणि पुन्हां हलकेच उचलावें.

लांब दांड्याचे झुपकेदार झाडू मिळतात, त्यांतील कांहींच्या सुती झुपक्यांना मेण लावलेलें असतें. अगदीं पातळ, कोरड्या धुळीवर ते चालतात. परंतु नुसते अलगद ओढावे आणि दर दोन-चार हातांनंतर दूर नेऊन झटकावे. दाबले कीं तेही सदऱ्याची पाठच.

आणखी चार सूचना थोडक्यांत. थंडीच्या दिवसांत पहांटेचें दंव धुळींत मिसळून चिखल होतो. दंव पडलें आहे तेव्हां "आयतेंच पाणी मिळालें" म्हणून गाडी पुसूं नये. मळक्या गाडीवर आच्छादन घालूं नये. वाऱ्यानें तें हलतें आणि रात्रभर धूळ रंगावर घासत राहतें. पक्ष्यांची विष्ठा रंगाला खाते, म्हणून ती वेळ न घालवितां, पण खरवडून नव्हे, ओलें फडकें वर ठेवून, मऊ झाल्यावर उचलावी. आणि विंधणविहिरीचें जड पाणी रंगावर आपोआप वाळूं देऊं नये. त्यांतील क्षार पांढरे डाग पाडतात. दोन-तीन महिन्यांनीं धुतलेल्या गाडीवर मेणाचा हात दिला तर धूळ कमी चिकटते आणि चिकटलेली लवकर सुटते.

हें सर्व शिकून झालें, पण वर्गांतील काम उरलें होतें. पुढल्या सोमवारीं आम्हीं चाचांकडून मोडींत निघालेल्या गाडीचें एक काळें दार मागून आणलें आणि वर्गापुढें टेबलावर आडवें ठेवलें. मध्यें चिकटपट्टी लावून त्याचे दोन भाग केले आणि दोहोंवर रस्त्यावरची धूळ सारखी भुरभुरविली. एक भाग आम्हीं जुन्या फडक्यानें, फळा पुसतों तसा, खसखसून पुसला. दुसरा भाग कोण पुसणार, असें विचारून शेवटच्या बांकाकडे पाहिलें. तो उठून आला. आम्हीं सांगितलें तसें त्यानें आधीं पंपानें धूळ ओघळविली, द्रावण मारलें, आणि घडी उलटत उलटत, श्वास रोखून, आपला भाग पुसला. मग चौघांनीं तें दार अंगणांत उन्हांत नेलें. आमच्या भागावर जाळें चमकत होतें. त्याच्या भागावर नवीन असें कांहीं दिसलें नाहीं.

तेव्हां आम्हीं मुलांना सांगितलें कीं, आमच्या गाडीवरचे ओरखडे आमच्याच हातचे होते, तीन वर्षांचे होते, आणि ते याच्या माथीं मारून आम्हीं याला तुम्हां सर्वांसमक्ष टाकून बोललों. ज्या वर्गासमोर दोष दिला त्याच वर्गासमोर आम्हीं त्याची क्षमा मागितली. एकांतांत बोलावून मागितली असती तर आमचा मान राहिला असता आणि त्याचा गेलेला मान परत आला नसता.

तो म्हणाला, "असू दे, सर." आणि परत शेवटच्या बांकावर जाऊन बसला.

आम्हांस वाटलें होतें, क्षमा मागितली कीं दुसऱ्या दिवशीं तो पहिल्या बांकावर दिसेल. तसें झालें नाहीं. मार्च गेला, परीक्षा झाली, सुटी लागली. आम्हींही त्यास पुढें ये म्हणून आग्रह केला नाहीं. जोर लावून कांहीं निघत नाहीं, हें आम्ही नुकतेंच शिकलों होतों. जूनमध्यें नववीचा वर्ग भरला, तेव्हां तो दुसऱ्या बांकावर बसला होता. पहिल्या नव्हे, दुसऱ्या. आम्हांस तेवढेंही पुष्कळ वाटलें.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, सकाळच्या घाईंत मुलांच्या हातीं कोरडें फडकें देऊन "जा, गाडी पुसून ये" असें सांगूं नये. द्यावयाचेंच तर दोन स्वच्छ फडकीं, पाण्याचा पंप आणि दहा मिनिटें द्यावीं. आणि उन्हांत ओरखडा दिसला तर तो कोणाचा, हें ठरविण्यापूर्वीं टपाचा मध्य एकदां पाहून घ्यावा.

आमच्या गाडीच्या टपावरील जाळें अजून तसेंच आहे. तें काढून घेण्याचा आमचा विचार नाहीं. गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर एके सकाळीं शाळेच्या आवारांत आम्ही गाडी पुसत होतों. उशीर झाला होता, घंटा होण्याच्या बेतांत होती, आणि मनगट नकळत आपल्या जुन्या वळणावर गेलें असावें. मागून कोणी तरी जातां जातां म्हणालें, "सर, घडी उलटा."

मागें वळून पाहण्याची गरज नव्हती. आवाज ओळखीचा होता. आम्हीं घडी उलटली.